सुई घरात आली : इन्सुलिन, चौविहार आणि रोजची सावधगिरी

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पिंपरीतून जाताना हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा विस्तीर्ण परिसर आजही दिसतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पिंपरी हे तेव्हा एक खेडे होते. कारखान्यांमागोमाग वसाहती आल्या, वसाहतींमागोमाग किराणा, कापड, भांडी आणि लोखंडाची दुकाने आली, आणि त्या दुकानांबरोबर आपल्या समाजातील अनेक कुटुंबे येथे स्थिरावली. त्या पिढीच्या मनातील इंजेक्शनचे चित्र मात्र ठरलेले आहे : दवाखान्यातील स्टोव्हवर उकळणारी स्टीलची पेटी, काचेची सिरिंज, जाड सुई आणि कंपाउंडरचा हात. इंजेक्शन ही दवाखान्यात जाऊन, दात-ओठ खाऊन सोसण्याची गोष्ट होती.

आज तीच सुई घराच्या फ्रीजमध्ये, औषधांच्या डब्यात आणि चाकणला जाणाऱ्या टिफिनच्या पिशवीत येऊन बसली आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक, म्हणजे प्रौढांमध्ये ११.४ टक्के, असल्याचे अनुमान निघाले. यांतील बहुतेकांचे गोळ्यांवर भागते, पण ज्यांना इन्सुलिन लागते त्यांच्या घरात दिवसातून एकदा ते चार वेळा इंजेक्शन द्यावे लागते. ते देणारे हात सूनबाईंचे असतात, नातवाचे असतात किंवा स्वतः रुग्णाचेच असतात. डॉक्टरांच्या पाच मिनिटांच्या भेटीत हे सारे शिकून होत नाही. परिणामी पुष्कळ घरांत चुकीची पद्धत वर्षानुवर्षे चालू राहते आणि दोष मात्र औषधाला दिला जातो.

इंजेक्शन किती खोल द्यायचे यावर त्याचा प्रकार ठरतो. बाळाला जन्मानंतर डाव्या दंडावर दिली जाणारी बीसीजीची लस कातडीच्या थरातच सोडतात. पेनिसिलिनसारखी औषधे स्नायूत देतात. या दोहोंच्या मध्ये, कातडीच्या खाली आणि स्नायूच्या वर, चरबीचा एक मऊ थर असतो. इन्सुलिन तेथे द्यायचे असते. गोवर-रुबेलाची लसही याच थरात दिली जाते, त्यामुळे लहान मुलांच्या आयांनी हा प्रकार लसीकरणाच्या वेळी पाहिलेलाच असतो. चरबीच्या थरात रक्तवाहिन्या कमी असल्याने औषध हळूहळू, एका गतीने रक्तात उतरते. सुई स्नायूत गेली तर तेच औषध वेगाने उतरते आणि रक्तातील साखर अचानक खाली येऊ शकते. इन्सुलिन हे प्रथिन असल्यामुळे गोळीच्या रूपाने घेतल्यास पोटात पचून जाते, म्हणून ते बहुधा सुईनेच द्यावे लागते.

जैन घरांत इन्सुलिनचे नाव निघाले की वडीलधाऱ्यांच्या मनात आणखी एक शंका येते, आणि ती निराधार नाही. १९२१ मध्ये टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातून हे द्रव्य वेगळे केले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. पहिला अर्क पुरेसा शुद्ध नव्हता, सुईच्या जागी गळू झाले. कॉलिप यांनी तो अधिक शुद्ध केल्यावर २३ जानेवारीच्या दुसऱ्या प्रयत्नात गुण आला. शोधकांनी पेटंटचे हक्क प्रत्येकी एक डॉलर घेऊन टोरोंटो विद्यापीठाला दिले, ही गोष्ट व्यापारी वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावी अशी आहे. मात्र त्यानंतर साठ वर्षे जगभराचे इन्सुलिन गाय आणि डुक्कर यांच्या स्वादुपिंडातूनच निघत होते. त्या काळात अनेक धर्मनिष्ठ श्रावकांना ते घेताना मनावर दगड ठेवावा लागला असेल.

परिस्थिती बदलली ती जनुक तंत्रज्ञानामुळे. मानवी इन्सुलिनचा जनुक जिवाणूच्या पेशीत बसवून तिच्याकडून इन्सुलिन तयार करून घेण्याची युक्ती १९७८ मध्ये साधली आणि १९८२ मध्ये अमेरिकेत असे इन्सुलिन विक्रीस आले. काही कंपन्या जिवाणूऐवजी पाव फुगविणारे यीस्ट वापरतात. आपल्या महाराष्ट्रातील वोखार्ट कंपनीने २००३ मध्ये यीस्टच्या साहाय्याने बनविलेले मानवी इन्सुलिन बाजारात आणले. आज औषध दुकानांत सर्रास मिळणारे इन्सुलिन याच पद्धतीचे आहे आणि त्यासाठी पशूच्या अवयवाची गरज पडत नाही. सूक्ष्म जीवांच्या हिंसेचा तात्त्विक प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी तो गुरुमहाराजांपुढे मांडावा. पण पशूंच्या इन्सुलिनची जुनी माहिती मनात धरून आजचे औषध नाकारणे योग्य नव्हे.

आता मुख्य धोक्याकडे वळू. भारतात इन्सुलिन मुख्यतः दोन तीव्रतांमध्ये मिळते. बाटलीतील साध्या मानवी इन्सुलिनमध्ये बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात. पेनच्या कार्ट्रिजमध्ये आणि काही बाटल्यांमध्ये बहुधा एका मिलिलिटरला १०० युनिट असतात. त्यानुसार सिरिंजही दोन : लाल टोपणाची ४० साठी आणि नारिंगी टोपणाची १०० साठी. दोन्ही दिसायला सारख्या, किंमत जवळपास सारखी, आणि दोन्हींवर युनिटच्या रेघा. पण या रेघांचे माप वेगळे आहे. दोन निरनिराळ्या मापांनी तोलल्यावर हिशेब चुकणारच, हे दुकानदाराला वेगळे सांगावे लागत नाही.

उदाहरण घेऊ. डॉक्टरांनी २० युनिट सांगितले आहेत आणि घरात ४० ची बाटली आहे. लाल सिरिंज संपली म्हणून मुलाने चाकणच्या दुकानातून मिळेल ती, म्हणजे नारिंगी सिरिंज आणली आणि २० च्या रेघेपर्यंत औषध भरले. रुग्णाला प्रत्यक्षात मिळाले ८ युनिट. साखर वाढेल, घरचे गोंधळतील, पण जीव तात्काळ धोक्यात येणार नाही. आता उलटा प्रकार पाहा. १०० ची बाटली आणि लाल सिरिंज. किंवा पेन बिघडले म्हणून त्याच्या कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने औषध ओढले. रेघ २० चीच, पण शरीरात गेले ५० युनिट. म्हणजे अडीचपट. एवढ्या मात्रेने माणूस काही तासांत बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून बाटलीवरील आकडा आणि सिरिंजच्या टोपणाचा रंग हे दोन्ही प्रत्येक खरेदीच्या वेळी मोठ्याने वाचून पाहावेत, आणि पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध कधीही काढू नये. बँकांमध्ये एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची अशी जुनी शिस्त आहे. घरात दुसरे माणूस असेल तर भरलेली सिरिंज त्याला दाखवूनच टोचावी. वडिलांची नजर अंधूक झाली असेल तर हा नियम सक्तीचा समजावा.

सुईच्या लांबीबाबतही आपल्याकडे गैरसमज आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे या संदर्भातील काम जगभर गाजले. त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आला. उंची-वजनाच्या प्रमाणात दोघेही सारखेच, दोघांचाही निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून मेदयुक्त, अशी भारतीय शरीराची ठेवण यातून लोकांपुढे आली. दुकानाच्या गादीवर दिवस काढणाऱ्या आणि वजनकाट्यावर ‘नॉर्मल’ ठरणाऱ्या आपल्या कित्येक बांधवांना चाळिशीतच मधुमेह का गाठतो, याचे एक उत्तर त्यात आहे.

अशा सडपातळ माणसाच्या मांडीवर किंवा दंडावर लांब सुई सरळ टोचली तर ती स्नायूत जाण्याची शक्यता असते. कातडीची जाडी मात्र जाड-बारीक सर्वांची जवळपास सारखी, सुमारे २ मिलिमीटर असते. त्यामुळे पेनसाठी ४ मिलिमीटरची सुई जवळजवळ प्रत्येक प्रौढाला पुरते, मग तो कितीही स्थूल असो. ‘माझे पोट मोठे आहे, मला मोठी सुई द्या’ हा आग्रह निरर्थक आहे. सिरिंजच्या सुया याहून लांब असतात, म्हणून सिरिंज वापरताना कातडीची चिमूट धरणे आवश्यक ठरते. चिमूट अंगठा आणि एक-दोन बोटांनी हलकेच धरावी. सगळी मूठ भरून धरली तर खालचा स्नायूही वर येतो. माणूस फारच किरकोळ असेल तर सुई सरळ न टोचता तिरपी, अर्ध्या काटकोनात टोचावी.

प्रत्यक्ष कृती अवघड नाही, घाई केली तर मात्र चुकते. प्रथम साबणाने हात धुवावेत आणि बाटलीवरचे नाव व मुदत वाचावी. दुधाळ दिसणारे इन्सुलिन स्थिर राहिले की तळाशी बसते. ते दोन्ही तळव्यांत दहा वेळा फिरवावे आणि दहा वेळा सावकाश उलटसुलट करावे, म्हणजे सर्वत्र सारखे पांढरे दिसू लागते. सरबतासारखे जोरात हलवू नये. गुठळ्या दिसल्या तर बाटली टाकून द्यावी. जे इन्सुलिन मुळात पाण्यासारखे स्वच्छ असते, त्यात किंचित ढगाळपणा दिसला तरी ते वापरू नये. सिरिंजमध्ये जेवढे युनिट घ्यायचे तेवढी हवा आधी ओढून ती बाटलीत सोडावी, बाटली उलटी करावी आणि मग औषध ओढावे. बुडबुडा दिसला तर टिचकी मारून वर आणावा व परत बाटलीत ढकलावा. तो बुडबुडा शरीराला अपाय करीत नाही, पण तेवढे औषध कमी पडते. डॉक्टरांनी दोन प्रकार एका सिरिंजमध्ये घेण्यास सांगितले असेल तर स्वच्छ आधी आणि दुधाळ नंतर ओढावे. ग्लार्जिन हे दिवसभर काम करणारे इन्सुलिन स्वच्छच दिसते, परंतु ते दुसऱ्या कशातही मिसळायचे नसते.

पेनमध्ये प्रत्येक वेळी नवी सुई लावून आधी दोन युनिट हवेत सोडावेत. सुईच्या टोकावर थेंब दिसला तरच पेन चालू आहे असे समजावे. टोचून बटण पूर्ण दाबल्यावर मनात दहापर्यंत अंक मोजून मगच सुई काढावी, नाहीतर शेवटचे थेंब बाहेरच राहतात. सुई पेनला लावून ठेवू नये. तिच्यातून हवा आत जाते आणि औषध गळते. नवरा-बायको दोघांनाही मधुमेह आहे, औषध एकच आहे, मग पेन एकच का नको, असा काटकसरीचा विचार काही घरांत होतो. टोचताना रक्ताचा सूक्ष्म अंश उलट कार्ट्रिजमध्ये शिरू शकतो, त्यामुळे सुई बदलली तरी पेन दुसऱ्याला चालत नाही.

कातडी स्वच्छ असेल तर साबण-पाणी पुरेसे आहे. स्पिरिट लावलेच तर ते वाळू द्यावे, ओल्यावर टोचल्यास चुणचुणते. फ्रीजमधून थेट काढलेले थंड औषधही दुखते. साडीच्या किंवा सदऱ्याच्या कापडावरून टोचण्याची सवय सर्वथा सोडावी. सुई काढल्यावर चिमूट सोडावी, जागा चोळू नये, रक्ताचा थेंब आला तर कापूस काही क्षण दाबून धरावा.

पोट, मांडीची पुढची-बाहेरची बाजू, दंडाची मागची बाजू आणि कुल्ला या चार जागा चालतात. पोटातून औषध लवकर उतरते, मांडीतून सावकाश. फिरायला जाण्यापूर्वी मांडीत टोचले तर चालण्यामुळे ते अपेक्षेहून लवकर उतरते. बेंबीभोवती दोन बोटांची जागा सोडावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रोज जागा बदलावी. एकाच ठिकाणी टोचत राहिले की तेथील चरबी फुगते, रबरासारखी गाठ होते आणि तिची संवेदना कमी होते. दुखत नाही म्हणून रुग्ण पुन्हा तेथेच टोचतो. या गाठीतून इन्सुलिन नीट उतरत नाही, साखर वाढलेली दिसते, डॉक्टर मात्रा वाढवितात, १८ चे २८ होतात. मग एके दिवशी सूनबाई माहेरी जातात, दुसरे कोणीतरी चांगल्या जागेवर टोचते, वाढवलेली सारीच्या सारी मात्रा रक्तात उतरते आणि भर दुपारी रुग्णाला दरदरून घाम फुटतो. म्हणून आठवड्यातून एकदा बोटांनी दाबून गाठी आहेत का ते पाहावे. गाठ सापडल्यास ती जागा सोडून द्यावी, पण मात्रेबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.

जागेचा हिशेब ठेवण्यासाठी व्यापाऱ्याच्या घराइतके सोयीचे घर नाही. साधी वही घ्यावी आणि किर्दीप्रमाणे रोजची नोंद करावी : तारीख, वेळ, युनिट, जागा, आधीची साखर. पोटाचे चार भाग कल्पून आठवड्याला एक भाग वापरावा आणि त्या भागात दोन टोचण्यांमध्ये निदान एक सेंटिमीटर अंतर ठेवावे. महिनाअखेरीस ही वही डॉक्टरांपुढे ठेवली की त्यांना तोंडी सांगितलेल्या दहा गोष्टींपेक्षा अधिक कळते.

आपल्या समाजात या विषयाची सर्वांत नाजूक बाजू जेवणाच्या वेळेशी निगडित आहे. साधे मानवी इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचे असते, काही नव्या प्रकारांना ताटावर बसतानाच घेतले तरी चालते. चौविहार पाळणाऱ्याचे संध्याकाळचे जेवण सूर्यास्ताला बांधलेले असते. पुण्यात जूनच्या अखेरीस सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबरच्या अखेरीस सहाच्या आगेमागे. म्हणजे वर्षभरात जेवण तास-सव्वातासाने सरकते आणि त्याबरोबर इंजेक्शनही सरकले पाहिजे. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे ‘सात वाजताचे इन्सुलिन’ घेणारा श्रावक हिवाळ्यात जेवण झाल्यावर तासाभराने सुई टोचून घेतो, आणि पुढे रात्रभर काही खाणार नसतो. यासारखा धोका दुसरा नाही.

चाकण, भोसरी, मोशीकडे युनिट किंवा गोदाम असलेल्यांची अडचण आणखी वेगळी. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचणे नाशिक रस्त्यावरील वाहनांच्या रांगांमुळे कोणाच्याच हाती नसते, म्हणून पुष्कळ जण टिफिन ऑफिसातच उघडतात. ही सवय चांगली आहे, पण मग इन्सुलिनही टिफिनबरोबर गेले पाहिजे. ‘इंजेक्शन ऑफिसात घेतो, अर्ध्या तासात घरी पोहोचून जेवतो’ असा बेत कदापि करू नये. गाडी नाशिक फाट्याच्या अलीकडे अडकली आणि सूर्य मावळला तर इन्सुलिन पोटात अन्न नसताना काम करीत राहते, आणि स्टिअरिंगवरचे हात थरथरू लागतात. जेवण समोर असल्याशिवाय सुई उघडू नये, हा नियम चाकणमध्ये जितका खरा तितकाच लग्नाच्या पंगतीतही.

घाम, थरथर, छातीत धडधड, अकारण चिडचिड, बोलण्यात असंबद्धता ही साखर उतरल्याची लक्षणे. मापकावर आकडा ७० च्या खाली असेल, किंवा मापक हाताशी नसले तरी, लगेच तीन चहाचे चमचे साखर किंवा तेवढेच ग्लुकोज पाण्यात घालून द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. सुधारणा नसेल तर पुन्हा द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाईल. १०८ ला फोन करावा किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.

रात्री दोन वाजता साखर उतरली तर चौविहाराचे काय? हा प्रश्न वडीलधारी माणसे लाजेकाजेने विचारीत नाहीत आणि अंधारात घाम पुसत पडून राहतात. पच्चक्खाणाच्या पाठातच आगार, म्हणजे आधीच राखून ठेवलेल्या सवलती, सांगितलेल्या आहेत. त्यांतील ‘सव्वसमाहिवत्तियागार’ हा आगार, गंभीर व्याधीने समाधी ढळण्याची वेळ आली तर औषध घेण्याची मोकळीक देणारा आहे. शास्त्रकारांनी ही तरतूद विचारपूर्वक केली आहे. त्या क्षणी ग्लुकोज हे औषधच होय. शंका राहत असेल तर नियम घेतानाच महाराजसाहेबांकडून खुलासा करून घ्यावा, आणि ग्लुकोजचा डबा उशाशी ठेवावा.

पर्युषणात आणि दशलक्षण पर्वात हा विषय अधिक तीव्र होतो. इन्सुलिनवरील व्यक्ती डॉक्टरांना न सांगता अठाईचा संकल्प करते, आणि खाणे बंद म्हणून इन्सुलिनही बंद करते किंवा खाणे बंद असूनही पूर्ण मात्रा घेत राहते. दोन्ही टोके घातक आहेत. विशेषतः लहानपणापासून इन्सुलिन लागणाऱ्या, म्हणजे पहिल्या प्रकारच्या मधुमेहात, उपवासातही शरीराला थोडे इन्सुलिन लागतेच. ते पूर्ण थांबविले तर रक्तात आम्ल साठून जीव धोक्यात येतो. अशा तरुण-तरुणींना तपस्येची भीड घालणे हे घरातील मोठ्यांनी टाळले पाहिजे. गोळ्यांपैकीही काही साखर वेगाने उतरविणाऱ्या आहेत. ज्यांना उपवास करायचाच आहे त्यांनी चातुर्मासाच्या आरंभीच डॉक्टरांशी बसून मात्रा, तपासणीच्या वेळा आणि कोणत्या आकड्यावर पारणे करायचे हे लिहून घ्यावे. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर तपासताना मुखात काहीच जात नाही, त्यामुळे ती टाळण्याचे कारण नाही. पारण्याच्या दिवशीही गोड राब, उकाळी यांनी साखर झपाट्याने चढते, तेव्हा त्या दिवसाची मात्रा वेगळी विचारून घ्यावी.

तसेही शास्त्राने सांगितलेल्या बारा तपांपैकी अनशन हे एक आहे. ऊनोदरी, वृत्तिसंक्षेप, रसपरित्याग ही मधुमेह्याला झेपणारी, किंबहुना उपकारक ठरणारी तपे त्याच यादीत आहेत. सासूबाईंना रोज वेळेवर, न चुकता, न कुरकुरता इंजेक्शन देणारी सून वैयावृत्य हे आभ्यंतर तप करीत असते. तपस्वींच्या वरघोड्यात तिचे नाव पुकारले जात नाही, एवढेच.

औषध सांभाळण्याविषयी थोडे. न उघडलेले इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावे, फ्रीझरमध्ये किंवा त्याला चिकटून नव्हे. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामी असते. वापरात असलेली बाटली किंवा पेन ३० अंशांच्या आत साधारण २८ दिवस बाहेर चालते. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहावी. एप्रिल-मे महिन्यांत चाकणच्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेले औषध दिसायला तसेच राहते, पण त्याची शक्ती जाते. वीज जात असेल तेथे लहान डब्यात घालून तो डबा ओल्या मडक्यात ठेवण्याचा जुना उपाय चांगला आहे. शिखरजी, पालिताणा यांसारख्या यात्रांना विमानाने जाताना इन्सुलिन हातातील बॅगेतच ठेवावे, कारण सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घरी काही दिवस पोटावर देण्यास सांगतात ते एनॉक्सापॅरिनचे इंजेक्शनही कातडीखालीच द्यायचे असते. ते भरलेल्या सिरिंजमध्येच येते. त्यातील हवेचा बुडबुडा, पूर्ण मात्रा द्यायची असेल तर, काढायचा नसतो. बेंबीपासून पाच सेंटिमीटर दूर, चिमूट शेवटपर्यंत धरून, सुई सरळ पूर्ण आत घालावी आणि नंतर अजिबात चोळू नये, नाहीतर काळेनिळे होते. येथे मात्र जैन कुटुंबांनी एक गोष्ट जाणून घेणे आवश्यक आहे. हिपॅरिनच्या गटातील हे औषध डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनते. फोंडापॅरिनक्स हे रसायनशाळेत तयार होणारे इंजेक्शन आणि काही गोळ्या हे पर्याय उपलब्ध आहेत, पण ते प्रत्येकाला चालतीलच असे नाही. शस्त्रक्रियेची तारीख ठरवितानाच हा विषय डॉक्टरांपुढे काढावा. ऑपरेशन झाल्यावर, घरी आलेली सिरिंज हातात धरून नकार देणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

शेवटी वापरलेल्या सुईविषयी. काटकसर म्हणून एकच सुई चार-पाच दिवस वापरण्याची पद्धत फार रूढ आहे. सुईचे टोक पहिल्या वापरातच बोथट होऊ लागते, पुढे ती अधिक दुखवते, गाठी वाढविते आणि तिच्याबरोबर जंतूही जातात. वापरलेली सुई नुसतीच पिशवीत टाकून घंटागाडीत दिली तर कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या बोटाला ती लागते, आणि त्या बाईला कोणाचे रक्त, कोणता आजार, काहीच ठाऊक नसते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातील सुया-सिरिंजा घातक घरगुती कचऱ्यात मोडत होत्या; त्या ओल्या-सुक्यापासून वेगळ्याच द्याव्यात. दुसऱ्याला टोचलेल्या सुईवर दोन हातांनी टोपण बसवायला जाऊ नये, तेव्हाच बोटाला टोचते. फिनेलचा किंवा डिटर्जंटचा जाड प्लास्टिकचा, घट्ट झाकणाचा डबा घ्यावा, त्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत ‘वापरलेल्या सुया’ असे लिहावे, सुई टोचून झाल्यावर थेट त्यात टाकावी आणि तो मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा. तीन चतुर्थांश भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून, जेथे उपचार चालू आहेत त्या रुग्णालयाला तो त्यांच्या जैववैद्यकीय कचऱ्यात घेतील का, असे विचारावे. न घेतल्यास घंटागाडीवरील कर्मचाऱ्याच्या हाती तो वेगळा, आत काय आहे हे सांगून द्यावा.